‘हमखास बर्फ’ विकणाऱ्या सहल कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून हिमाचल, काश्मीर आणि लडाखला सहली नेणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक आणि व्यवस्थापक यांस

सप्रेम नमस्कार.

गणपती उठले की तुमच्या दिवाळीच्या जाहिराती सुरू होतात. यंदाच्या एका जाहिरातीत ‘हमखास बर्फ’ हे शब्द मोठ्या अक्षरांत छापले आहेत. त्याच पानाच्या तळाशी, चष्मा लावूनही नीट दिसणार नाही अशा टाइपात, ‘हवामान, रस्ता बंद किंवा अन्य नैसर्गिक कारणाने कार्यक्रमात बदल झाल्यास परतावा मिळणार नाही’ असंही आहे. ही दोन वाक्यं एका कागदावर वाचली आणि हे पत्र लिहायला बसले. बर्फ मिळेल याची हमी तुम्ही देता. तोच बर्फ रस्त्यावर पडला तर होणारं सगळं नुकसान मात्र प्रवाशाने सोसायचं, ही अट मला मान्य नाही.

मी नाशिकची. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आईवडील आणि आत्याला घेऊन अशाच एका सहलीबरोबर मी मनालीला गेले होते. कंपनीचं नाव इथे घेणार नाही. बारीक टाइपातली ती अट कमीअधिक फरकाने तुम्हा बहुतेकांच्या कागदांवर आहे, म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. अटल बोगद्याच्या पलीकडे, लाहौलच्या बाजूला, आमची टेम्पो ट्रॅव्हलर मोसमातल्या पहिल्याच मोठ्या बर्फात अडकली. रात्रीचा बराचसा भाग आम्ही गाडीतच काढला. आम्ही सगळे सुखरूप घरी आलो. तरीही त्या रात्रीचं खरं कारण बर्फ नव्हतं, असं माझं ठाम मत आहे. सकाळी हॉटेलच्या दारात घेतलेला एक निर्णय हे त्याचं कारण होतं.

आदल्या संध्याकाळीच हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला होता. हॉटेलच्या मॅनेजरने तो स्वतःहून दाखवला आणि म्हणाला, ‘कल उस पार मत जाइए.’ आमचा टूर मॅनेजर जेमतेम पंचविशीचा, फार गुणी मुलगा. त्याने लगेच पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. उत्तर आलं की कार्यक्रमपत्रिकेत बोगद्यापलीकडचं सिस्सू गाव छापलेलं आहे, लोकांनी त्याचे पैसे भरले आहेत, नेऊन फोटो काढून परत आणा. चौदाशे किलोमीटरहून अधिक दूर, पंख्याखाली बसलेल्या माणसाने लाहौलच्या रस्त्याचा निर्णय घेतला, आणि जो रस्त्यावर होता त्याने तो पाळला.

माझे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. कसारा घाट आणि सप्तशृंगीगडाचा रस्ता यांवर त्यांची हयात गेली. निघताना त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या चाकांचे टायर पाहिले आणि ड्रायव्हरला विचारलं, ‘पाजी, चेन है?’ बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून टायरांना बांधायची साखळी ती चेन. ती नव्हती. गाडी चंदीगडची, ड्रायव्हर पंजाबच्या सपाट मुलखातला, वर्षातली पहिलीच हिमाचल फेरी. त्याचीही इच्छा नव्हती. पण फेरी रद्द झाली तर मालक दिवसाचे पैसे कापतो, हे त्याने अण्णांना नंतर, अंधारात, इंजिन बंद करून बसलेलो असताना सांगितलं.

आता पहिल्या बर्फाबद्दल थोडं सविस्तर लिहिते. तुमच्या ऑफिसात बसून सहली आखणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवं, आणि जाहिराती वाचून पैसे भरणाऱ्यांनाही.

हिवाळ्यात हिमालयात बर्फ आणणारी वादळं भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येतात. हवामान खातं त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतं. ती डिसेंबर-जानेवारीची वाट पाहत बसत नाहीत. सप्टेंबर २०१८च्या शेवटी लाहौल-स्पीतीत अवेळी बर्फ कोसळला, रोहतांगची खिंड बंद झाली, शेकडो लोक ठिकठिकाणी अडकले आणि त्यांना बाहेर काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं उडवावी लागली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला काश्मीर खोऱ्यात बर्फ पडला. श्रीनगर-जम्मू महामार्ग आणि मुघल रोड दोन्ही बंद झाले. सफरचंदाच्या झाडांवर तेव्हा पानं होती, काही बागांत फळंही. ओल्या बर्फाचा भार पानांवर साठला आणि झाडं मधोमध चिरली. लक्ष्मीपूजन होतं ७ नोव्हेंबरला, म्हणजे आपल्याकडे घरोघरी फराळ चालला होता आणि सहलीच्या गाड्या वाटेवर होत्या. पुढच्या वर्षी ७ नोव्हेंबरला खोऱ्यात पुन्हा तसंच घडलं. दिवाळीची सुट्टी आणि पहिल्या बर्फाचा काळ एकमेकांवर येतात, हे दर वर्षी सहली नेणाऱ्यांना मी नव्याने सांगायची गरज नाही.

हा पहिला बर्फ भर हिवाळ्यातल्या बर्फापेक्षा रस्त्यासाठी जास्त घातक असतो. जानेवारीत डांबर आधीच गारठलेलं असतं, बर्फ कोरडा आणि भुसभुशीत पडतो, आणि सगळे तयारीत असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला डांबरात दिवसाच्या उन्हाची ऊब शिल्लक असते. वरून पडलेला बर्फ तळाशी वितळतो, त्यावर गाड्यांची चाकं फिरून तो दाबला जातो, आणि डोंगराआड ऊन गेलं की त्याच पाण्याची काच होते. तिथले लोक तिला ब्लॅक आइस म्हणतात. ती दिसत नाही, रस्ता फक्त ओला वाटतो. पूल आणि सावलीतली वळणं आधी गोठतात. म्हणून स्थानिक ड्रायव्हर उन्हं चढल्यावर निघतात आणि दुपार कलायच्या आत परततात. आम्ही मात्र वाटेत खरेदीला थांबलो होतो, कारण खरेदीही कार्यक्रमपत्रिकेत होती.

अटल बोगद्यामुळे ही गोष्ट सोपी झाली असा समज पसरला आहे, आणि तुमच्या जाहिराती तो वाढवतात. बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी तो सुरू झाला आणि मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने घटलं. ३,९७८ मीटर उंचीचा रोहतांग ओलांडायची गरज उरली नाही. लाहौलच्या लोकांसाठी हे वरदानच आहे, कारण पूर्वी ते महिनोन्‌महिने जगापासून तुटलेले असत. पण बर्फ बोगद्याच्या आत पडत नाही. तो पडतो दोन्ही तोंडांशी, दहा हजार फुटांवर, सोलंगकडून चढणाऱ्या रस्त्यावर आणि पलीकडे सिस्सू-कोकसरच्या उघड्या पट्ट्यात. मधे पीर पंजालची पर्वतरांग उभी असल्याने अलीकडे भुरभुर पाऊस आणि पलीकडे बर्फाचं वादळ, असं सहज होतं. गाडी बोगद्यात शिरते एका हवेत आणि बाहेर पडते दुसऱ्याच हवेत. पूर्वी रोहतांगच्या चढावर माणसाला आभाळ दिसायचं आणि परतायची बुद्धी व्हायची. आता दहा-पंधरा मिनिटांत थेट पलीकडे. डिसेंबर २०२४मध्ये नाताळच्या तोंडावर सोलंग आणि बोगद्याच्या मधे हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या होत्या. मोसम कुठलाही असो, अडकण्याची जागा हीच.

आमचंही तिथेच झालं. परत फिरलो तेव्हा बोगद्याच्या उत्तर तोंडाकडे जाणारी रांग हलेनाशी झाली होती. पुढे एक गाडी आडवी, तिच्या मागे दुसरी, आणि ग्रेफचं, म्हणजे सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या दलाचं, बर्फ काढणारं यंत्र त्या रांगेमुळेच पुढे येऊ शकत नव्हतं. ड्रायव्हरने हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं. काचा बंद. थोड्या वेळाने अण्णा उठले, दार उघडून खाली उतरले आणि हाताने सायलेन्सरचं तोंड मोकळं करायला लागले. बर्फ तिथपर्यंत चढला होता. ते आत आले तेव्हा बोटं निळसर झाली होती आणि त्यांनी एवढंच सांगितलं, ‘दर अर्ध्या तासाने कोणीतरी उतरायचं, आणि एक काच दोन बोटं उघडी राहील.’ जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली. धूर बाहेर जायला वाट न मिळाल्याने गाडीत साठलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा संशय तेव्हा घेतला गेला होता. आमच्या गाडीत हे ठाऊक असलेला एक माणूस होता, तो निवृत्त एसटी ड्रायव्हर होता म्हणून. तुमच्या टूर मॅनेजरला हे कोणी शिकवलेलं नव्हतं.

आत्याला मधुमेह आहे. तिची इन्सुलिनची पेटी बॅगेत आणि बॅग टपावर, ताडपत्रीखाली. निघताना ‘हातात सामान नको, गाडीत अडचण होते’ असं सांगून सगळ्यांच्या बॅगा वर चढवल्या होत्या. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरता येत नाही. सुदैवाने एक पेन तिच्या पर्समध्ये होतं. ते तिने स्वेटरच्या आत, अंगाला लावून ठेवलं. रात्री उशिरा जवळच्या वस्तीतले लोक बॅटऱ्या घेऊन आले. म्हातारी माणसं आणि मुलं त्यांनी घरी नेली, तंदूरपाशी बसवली, गरम राजमा-भात वाढला. पैसे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. लाहौलमध्ये ही रीतच आहे. कुंझुम खिंडीच्या वाटेवर बातलला असलेला चाचा-चाचीचा ढाबा अडकलेल्यांना असाच आसरा देण्यासाठी सगळ्यांना माहीत आहे. पण तिथल्या माणसांच्या चांगुलपणाच्या भरवशावर तुम्ही व्यवसाय करू नये.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही, की गाडी पुढे न्यायची की नाही हे ठरवायचा अधिकार चुकीच्या माणसाकडे आहे. ज्याला रस्ता दिसतो त्याच्याकडे तो नाही. अण्णा सांगतात, घाटात दरड आली की ड्रायव्हर गाडी उभी करतो. डेपोला कळवतो, पण गाडी उभी करायला परवानगी मागत बसत नाही. तुमचा टूर मॅनेजर परवानगी मागतो, कारण नाही म्हटलं तर प्रवासी चिडतील, तक्रार पुण्या-मुंबईला जाईल आणि पुढची सहल त्याला मिळणार नाही. ड्रायव्हर गप्प बसतो, कारण त्याची रोजी त्या फेरीवर आहे. या दोघांना दोष द्यायची माझी इच्छा नाही. त्या रात्री आपली स्वतःची चादर त्या मुलाने माझ्या आईला दिली होती.

दुसरी तक्रार गाडीची. सपाटीवरून आलेली, साधे टायर असलेली, चेन नसलेली, फावडं नसलेली गाडी नोव्हेंबरात दहा हजार फुटांवर नेऊच नये. मोठा बर्फ झाला की पोलीस चेन लावलेल्या फोर बाय फोर गाड्यांनाच बोगद्याकडे सोडतात. तो नियम लागू व्हायच्या आधीचे काही तास असतात आणि त्याच तासांत तुम्ही आम्हाला पुढे पाठवता. डिझेलचंही तेच. कडाक्याच्या थंडीत साधं डिझेल घट्ट होतं. इंडियन ऑइलने २०१९मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत चालणारं वेगळं डिझेल आणलं ते याचसाठी. खाली चंदीगडला टाकी भरून वर जाणाऱ्या गाडीचा कोण विचार करतं?

तिसरी तक्रार पैशाची. सिस्सू झालं नसतं तर आम्हाला त्याबदल्यात काहीच मिळणार नव्हतं, हे सकाळी गाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून निम्मी गाडी ‘आलोय तर जाऊ या’ म्हणत होती. ही माणसं हट्टी किंवा बेफिकीर नव्हती. वर्षभर भिशी लावून पैसे जमवलेली जोडपी होती, निवृत्तीच्या पैशातून आयुष्यात एकदा बर्फ पाहायला निघालेले शिक्षक होते. परतावा नाही ही अट माणसाला धोक्याकडे ढकलते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराविरुद्ध दाद मागायची तरतूद आहे, आणि सगळा धोका एकाच बाजूवर टाकणारी अट त्यात बसते की नाही हे कोणीतरी ग्राहक आयोगासमोर एकदा तपासून घ्यायला हवं, असं मला वाटतं.

नाशिकला असलेल्या माझ्या भावाला त्या रात्री कंपनीच्या कुठल्याही नंबरवर उत्तर मिळालं नाही, हीसुद्धा तक्रार आहेच. लाहौलमध्ये नेटवर्क जातं, हे समजू शकते. पुण्यात जात नाही.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, लोकांनाच बर्फ हवा असतो, नाही नेलं तर ऑनलाइन दोन तारे देतात. खरं आहे. पण लोकांनी काय मागावं हे बऱ्याच अंशी तुम्हीच शिकवलं आहे. वरणभात, भाकरी, पिठलं देणारा आचारी सोबत नेऊन, आजी-आजोबांचा हात धरून तुम्ही मराठी मध्यमवर्गाला हिमालय दाखवलात. माझी आई एकटीने कधी इगतपुरीच्या पुढे गेली नसती. ती व्यास नदीच्या काठावर उभी राहिली ती तुमच्यामुळे, आणि त्याबद्दल माझ्या मनात खरी कृतज्ञता आहे. ज्यांच्यावर लोक आपले म्हातारे आईवडील सोपवतात, त्यांनी ‘आज नाही’ म्हटलं तर लोक ऐकतील. आधी रागावतील, पण ऐकतील.

म्हणून या मागण्या करते.

जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी अटल बोगदा आणि कुंझुम, बारालाचा, झोजिला या खिंडींच्या पलीकडे गाडी जाणार नाही, असा लेखी नियम करा. अलर्ट नसतानाही टूर मॅनेजर किंवा ड्रायव्हर यांपैकी एकाने ‘नको’ म्हटलं तर गाडी जाणार नाही, आणि त्यासाठी ऑफिसला विचारावं लागणार नाही. न झालेल्या फेरीचे ड्रायव्हरचे पूर्ण पैसे त्याच दिवशी द्या. माझ्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची मागणी आहे, आणि तिला खर्चही फार नाही.

ऑक्टोबरच्या मध्यापासून बोगद्यापलीकडच्या प्रवासासाठी मनालीची स्थानिक फोर बाय फोर गाडी आणि स्थानिक ड्रायव्हर घ्या. भाडं वाढेल, ते सहलीच्या दरात उघडपणे धरा, आम्ही देऊ. प्रत्येक गाडीत चेन, फावडं, दोरी, पुरेशा चादरी, पाणी आणि एका रात्रीचं खाणं हवं. औषधांची पिशवी प्रवाशाच्या हातातच राहील. टूर मॅनेजरला वर पाठवण्याआधी बर्फात अडकल्यावर काय करायचं हे शिकवा: सायलेन्सर मोकळा ठेवणं, काच थोडी उघडी ठेवणं, इंजिन थांबून थांबून चालवणं. मनालीतले जुने ड्रायव्हर एका दुपारी शिकवतील.

पर्यायी कार्यक्रम आधीपासून छापा. बर्फाच्या दिवशी नग्गरचा किल्ला, हिडिंबेचं मंदिर, कुल्लूच्या विणकरांच्या सोसायट्या, वशिष्ठचं गरम पाण्याचं कुंड ही काही भरपाई म्हणून दाखवायची ठिकाणं नव्हेत, ती मुळातच पाहण्यासारखी आहेत. पत्रिकेत ती नावानिशी असतील तर कोणाला फसवल्यासारखं वाटणार नाही. आणि प्रशासनाने रस्ता बंद केला किंवा अलर्टमुळे तुम्ही फेरी रद्द केली, तर त्या दिवसाचा न झालेला खर्च परत द्या. जास्तीची रात्र काढावी लागली तर तिचा खर्च कोण करणार हे बुकिंगच्या वेळीच, जाहिरातीतल्या दराइतक्याच मोठ्या टाइपात, मराठीत लिहा.

सहल बाहेर असेपर्यंत रात्री फोन उचलणारा एक माणूस ऑफिसात बसवा.

आणि ‘हमखास बर्फ’ हे शब्द जाहिरातींतून काढून टाका.

राज्याच्या पर्यटन विभागाने या सगळ्या मागण्यांचा एक साधा नमुना करार तयार करून कंपन्यांना द्यावा, अशीही माझी विनंती आहे. त्यासाठी नवा कायदा करायची गरज नाही.

दिवाळीचं बुकिंग आत्ता सुरू आहे. हे पत्र वाचणाऱ्या प्रवाशांनाही सांगते: पैसे भरण्याआधी कंपनीला एवढंच विचारा, ‘अलर्टच्या दिवशी गाडी न्यायची की नाही हे कोण ठरवतं? नाही नेली तर आमच्या पैशाचं काय?’ उत्तर लेखी घ्या. तुमचे पैसे आधीच अडकले असतील आणि दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आत्याला पुन्हा मनालीला जायचं आहे. तिला त्या लाहौली घरातल्या बाईंना भेटायचं आहे, त्यांच्यासाठी पैठणीचा एक दुपट्टाही तिने घेऊन ठेवला आहे. तुमच्यापैकी जी कंपनी वरच्या गोष्टी आधी लेखी देईल, तिच्याबरोबर आम्ही जाऊ.

आपली,
नाशिकची एक प्रवासी